कात्री खाली ठेवा, आधी पेटी बदला

पंचवटीतला आजोळचा वाडा पाडायला निघाला आणि माळ्यावर द्राक्षांच्या दोन पेट्या भरून जुनी मासिकं सापडली, असं तुम्ही लिहिलंय. 'दीपावली', 'किर्लोस्कर', 'स्त्री', चारदोन 'आवाज', आणि खाली दडपलेले 'चांदोबा'. मुखपृष्ठं देखणी आहेत. म्हणून ती कापून चौकटीत बसवावीत, उरलेलं रद्दीला द्यावं, असा घरात विचार चाललाय. यांना किंमत काय येईल, आणि नाद लागलाच तर पुढे जमवायची कशी, हेही विचारलंय, सोबत अंकांचा फोटोही पाठवलाय.

माझी सगळी नोकरी नाशिकरोडच्या प्रेसमध्ये, छपाईच्या बाजूला झाली. अंक जमवण्याचा नाद त्याआधीपासूनचा. त्या जोरावर सांगतो: कापू नका. पण त्याहीआधी, आज संध्याकाळीच, अंक त्या पेट्यांतून बाहेर काढा.

आपल्याकडे कुठलंही घर हलवायचं म्हटलं की पहिली हाताला लागते ती द्राक्षांची पेटी. मजबूत असते, फुकट मिळते. पण निर्यातीच्या पेटीत द्राक्षं टिकावीत म्हणून 'ग्रेप गार्ड'चा कागद घालतात आणि त्यातून हळूहळू सल्फर डायऑक्साइड सुटतो. द्राक्षांवरची बुरशी त्याने मरते. जुन्या कागदात मात्र तो शिरला की ओलाव्याशी मिळून आम्ल होतो, आणि आधीच पिवळा पडलेला कागद बोट लावताच तुटायला लागतो. तुमच्या पेट्या स्थानिक बाजारातल्या असतील, त्यात तो कागद नसेलही. तरी त्यांचा पुठ्ठा स्वतःच आम्लधर्मी आणि वाळवीला आवडणारा. तेव्हा अंक काढा, सुती चादरीवर पसरा, पंखा मंद ठेवा. उन्हात घालू नका. आजीने पापड वाळवले तशी मासिकं वाळवायची नसतात.

आता कात्रीबद्दल. जुनं मासिक मिळणं तसं फार अवघड नाही. मुखपृष्ठासकट मिळणं अवघड. वाचनालयात वर्षाचे अंक बायंडिंगला जायचे. बायंडर मुखपृष्ठं आणि जाहिरातींची पानं काढून टाकायचा, तिन्ही कडा कापायचा आणि वर काळं रेक्झिन चढवायचा. कथा शिल्लक राहिल्या, चित्र गेलं. घराघरांत पोरांनी मुखपृष्ठं फाडून वह्यांना लावली, देवघराशेजारी चिकटवली. चित्रकार मुळगावकरांची लक्ष्मी तर किती घरांत अशीच भिंतीवर पोचली असेल. म्हणून तुमच्याकडे पूर्ण अंक आहेत हीच खरी चैन. कापलेलं मुखपृष्ठ म्हणजे गाव-नाव नसलेलं चित्र. त्याचा महिना गेला, वर्ष गेलं, आणि अनुक्रमणिकेच्या आसपास चित्रकाराचं नाव छापलेलं असतं, तेही गेलं. शिवाय मुखपृष्ठाला मागची बाजू असते हे लोक विसरतात. त्या मागच्या पानावरची साबणाची, तेलाची, नांगराची जाहिरात कधीकधी पुढच्या चित्राइतकीच बोलकी असते.

भिंतीवर चित्र हवंच असेल तर अंक न उलगडता, कण्यावर जोर न देता, ६०० डीपीआयला स्कॅन करा, मूळ मापात चांगल्या मॅट कागदावर छापून घ्या आणि ती प्रत चौकटीत लावा. मूळ मुखपृष्ठ उजेडात टांगलं तर त्यातला पिवळा आणि किरमिजी रंग आधी उडतो, निळा आणि काळा मागे राहतो. जुन्या सलूनमध्ये देवादिकांची चित्रं निळी पडलेली पाहिली असतील, ती त्यामुळेच. एक मात्र ध्यानात असू द्या. घरासाठी एक प्रत काढणं वेगळं आणि तिची कॅलेंडरं, मग, पिशव्या काढून विकणं वेगळं. आपल्या कायद्यात चित्रावरचा हक्क चित्रकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं टिकतो. दीनानाथ दलाल १९७१ मध्ये गेले, म्हणजे त्यांची चित्रं २०३१ संपेपर्यंत मोकळी नाहीत. रघुवीर मुळगावकर १९७६ मध्ये गेले, तिथे आणखी पाच वर्षं धरा.

अंक बाहेर आले की तारखा लावायला बसा. या कामात मला सगळ्यात जास्त मजा येते. पहिलं पान फाटलेलं असलं तरी अंक आपलं वय लपवू शकत नाही. किंमत पाहा. आण्यांत असेल तर बहुधा १ एप्रिल १९५७ च्या आधीचा, कारण त्या दिवशी दशमान नाणी आली. 'नये पैसे' असेल तर १९५७ ते १९६४ च्या दरम्यानचा, कारण जून १९६४ पासून 'नये' गळलं. पत्ता पाहा. 'मुंबई ४', 'पुणे २' असा एकदोन आकड्यांचा असेल तर जुना. सहा आकडी पिन असेल तर १५ ऑगस्ट १९७२ नंतरचा. मग शुद्धलेखन. 'घरांत', 'नांव', 'कांहीं' असे न उच्चारले जाणारे अनुस्वार भरभरून असतील तर १९६२ च्या नियमांच्या आधीची सवय. पण हा पुरावा जरा सैल धरा. नियम झाले म्हणून खिळे जुळवणाऱ्या जुळाऱ्याचा हात दुसऱ्या दिवशी बदलत नाही, कित्येक छापखान्यांत पुढेही वर्षं दोन वर्षं जुनंच चाललं.

'किर्लोस्कर' आणि 'स्त्री'मध्ये आणखी एक गंमत दिसेल. 'इ', 'उ', 'ए' यांऐवजी 'अि', 'अु', 'अे' छापलेलं. नवीन वाचकाला ती छपाईची चूक वाटते. ती चूक नाही, सावरकरांनी मांडलेल्या लिपिसुधारणेतली अ ची बाराखडी आहे आणि किर्लोस्करांनी ती आपल्या मासिकांत नेटाने वापरली. सावरकर भगूरचे, म्हणजे तुमच्या वाड्यापासून फार लांबचे नाहीत. त्यांच्या सुधारणेची छाप मला तरी जुन्या मुखपृष्ठांमागच्या पानांवरच सगळ्यात ठळक सापडली. तुमच्या पेटीत नावापुढे 'खबर' लिहिलेला एखादा अंक असेल तर तो बाजूला काढा आणि मला त्याचा फोटो पाठवा. १९२० मध्ये किर्लोस्करवाडीहून 'किर्लोस्कर खबर' म्हणून निघालेलं ते कारखान्याचं पत्रक पुढे मराठीतलं मोठं मासिक झालं. 'स्त्री' १९३० चं, 'मनोहर' १९३४ चं. संपादक शंकरराव किर्लोस्कर स्वतः चित्रकार. 'टाकांच्या फेकी' या नावाने ते व्यंगचित्रं काढत. त्या घराण्याची मुखपृष्ठं इतकी निगुतीची का, याचं निम्मं उत्तर यात आहे.

दलालांची मुखपृष्ठं ओळखायला फार वेळ लागत नाही. गोव्याहून आलेला हा माणूस १९४५ पासून स्वतःचं 'दीपावली' काढू लागला. त्यामुळे चित्रकार, संपादक आणि छपाईवर डोळा ठेवणारा मालक एकच झाला. त्याचा फरक कागदावर दिसतो. रेषा जाडीला कमी-जास्त होत जाते, रंग थोडकेच पण सपाट आणि धीट, आणि बाईच्या अंबाड्याच्या वळणात सगळा तोल. मुळगावकरही गोव्याचेच, पण स्वभाव उलट. स्प्रेने काढलेली नितळ त्वचा, दागिन्यांवर चकाकी. लोकांचा जीव त्यांच्यावर जास्त, आणि बाजारभावही. मला ते अंमळ साखरेचे वाटतात. वय झालं की साखर कमी करायला सांगतात, त्याचाही परिणाम असेल.

त्यानंतर शि. द. फडणीस. 'मोहिनी'वरची त्यांची मुखपृष्ठं म्हणजे एक शब्द न लिहिता सांगितलेला विनोद. त्यांचा अंक निवडताना मुखपृष्ठावर डाग नको याबाबत मी फार कडक असतो, कारण त्यांच्या चित्रात मोकळी जागाच अर्धं काम करते आणि तिथे चहाचा गोल उमटला की विनोद मेला. वसंत सरवट्यांचं 'ललित'साठीचं काम आणि पद्मा सहस्रबुद्धे यांनी 'मौज', 'सत्यकथे'साठी केलेलं काम अजून स्वस्तात मिळतं. का, ते मला कळत नाही. नव्याने सुरुवात करणाऱ्याने तिथे हात घालावा असं माझं मत.

'चांदोबा'ला कमी लेखू नका. मराठी आवृत्ती १९५२ पासूनची, छपाई मद्रासची. वड्डादि पापय्या यांची मुखपृष्ठं आणि शंकर, चित्रा यांची आतली चित्रं यांवर दक्षिणेतही लोक जीव टाकतात. एक युक्ती सांगतो. एकाच महिन्याच्या निरनिराळ्या भाषांतल्या अंकांवर पुष्कळदा तेच मुखपृष्ठ असे. त्यामुळे तुमच्या अंकाचं मुखपृष्ठ फाटलेलं असेल आणि तारीख लागत नसेल तर तेलुगू किंवा हिंदी अंकांशी ताडून बघता येतं.

'आवाज' हाताळताना जास्त जपा. मधुकर पाटकरांनी १९५१ मध्ये सुरू केलेला हा दिवाळी अंक त्याच्या खिडकीचित्रांसाठी प्रसिद्ध. वरच्या पानाला खिडकी कापलेली असते, तिच्यातून खालच्या चित्राचा एक भलताच भाग दिसतो, पान उलटलं की सगळा साळसूदपणा उघडा पडतो. घरोघरी तीच खिडकी सगळ्यात आधी फाटली, कारण सगळ्यांनी लपूनछपून तीच शंभरदा उघडली. विकत घेताना खिडक्या मोजून, उघडून बघा, आणि त्यामागचं पान आहे का तेही. पान गायब असलेला 'आवाज' म्हणजे दाराशिवायची चौकट.

खरं-खोटं ओळखण्याबद्दल तुम्ही विचारलं नाही, पण विचाराल. सराफ बाजारातून दहापट मोठं दाखवणारं भिंग आणा, सोनार वापरतात ते. मुखपृष्ठावर ठेवलं की ठिपके दिसतील. जुनी तिरंगी-चौरंगी छपाई ब्लॉकवरची. धातूचा ठिपका शाईसकट कागदावर दाबला जायचा, त्यामुळे शाई कडेला सरकून प्रत्येक ठिपक्याभोवती गडद कंकण उमटतं. पानाच्या मागून बोट फिरवलं तर कधीकधी दाबही लागतो. ऑफसेटला ठिपक्याची कड स्वच्छ, कंकण नाही, मागे दाब नाही. आणि आजच्या प्रिंटरवर काढलेली नक्कल असेल तर रांगेतले ठिपके दिसतच नाहीत, नुसता रंगाचा फवारा दिसतो. कधी जुन्या ठिपक्यांवर नवे ठिपके बसून जाळीदार लाटा उठतात, त्या मूळ अंकात नसतात. रंग किंचित सरकलेले, ओठांची लाली ओठांबाहेर गेलेली, याला घाबरू नका. ट्रेडलवर, म्हणजे पायाने चालवायच्या छपाईयंत्रावर, तीन-चार वेळा कागद चढवून केलेल्या कामात तेवढं व्हायचंच. फाळक्यांबद्दल लोक सिनेमापुरतं बोलतात, पण त्र्यंबकेश्वरचा हा माणूस सिनेमाआधी ब्लॉक आणि रंगीत छपाईच्या धंद्यात मुरलेला होता. ठिपक्यांची ही झिगझिग त्याने माझ्या कितीतरी आधी पाहिली.

नाशिकमध्ये आणखी एक गोष्ट तपासायची ती पूर. १९६९ चा आणि २००८ च्या सप्टेंबरातला. गोदाकाठच्या वाड्यांतून, भांडी बाजार-सराफ बाजाराच्या तळमजल्यांवरून आलेल्या अंकांच्या खालच्या कडेला तपकिरी रेघ असते आणि पान उघडलं की मातकट वास येतो. नुसती रेघ असेल तर मी घेतो, ती आपल्या गावाची मोहर समजतो. मात्र मुखपृष्ठ आर्ट पेपरचं असेल तर सावध. त्या कागदावर चिनी मातीचा लेप असतो. भिजून वाळला की दोन पानं विटेसारखी एक होतात. ती सोलायला जाऊ नका, चित्र दुसऱ्या पानावर निघून येतं. पुढेमागे तुमचा एखादा अंक भिजलाच तर वाळायच्या आत पानापानात मेणकागद घाला. तेवढी सवड नसेल तर पिशवीत घालून थेट फ्रीजरमध्ये ठेवा आणि मग निवांत सल्ला घ्या.

फ्रीजर कसरीवरही चालतो. अंक प्लॅस्टिकच्या पिशवीत हवाबंद करायचा, चांगल्या फ्रीजरमध्ये दोन आठवडे ठेवायचा, आणि बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडायची नाही. पूर्ण दिवस तशीच राहू द्यायची, नाहीतर बाहेरची दमट हवा थंड कागदावर पाणी धरते. माझ्या घरी कुल्फीच्या शेजारी 'स्त्री'चे अंक होते तेव्हा सुनेने काही विचारलं नाही, नुसती पाहत राहिली. डांबराच्या गोळ्या मी बंद केल्या. किड्यापेक्षा आपल्यालाच त्रास जास्त. वेखंडाची पुरचुंडी कपाटाच्या कोपऱ्यात ठेवतो, सवय म्हणून.

माझ्या दोन चुका सांगतो, म्हणजे तुम्ही त्या करणार नाही. नव्वदच्या सुमारास एका 'दीपावली'चा कणा मी सेलोटेपने जोडला. टेप कधीच गळून पडली, डिंकाचा पिवळा पट्टा मात्र चित्रातल्या बाईच्या खांद्यावर कायमचा बसला. दुसरी त्याहून वाईट. एका दुकानात मी तीन मुखपृष्ठं लॅमिनेट करून घेतली. ती आजही चकचकीत दिसतात आणि आत कागद तांबूस होत चाललाय. आता त्यांतून ती काढता येत नाहीत. फाटलेलं जोडायचंच तर गव्हाच्या स्टार्चची पातळ खळ आणि जपानी टिश्यू कागद वापरा. पाण्याने पुन्हा सुटेल असंच जोडकाम करायचं. जुने बायंडर खळीत मोरचूद घालत, किडा लागू नये म्हणून. ते करू नका, तांबं कागद खातं. पिना गंजल्या असतील तर पात्याने मागून हलकेच उघडून काढा आणि त्याच भोकांतून सुती दोरा ओवा.

ठेवायचं आडवं, थप्पी आठ-दहा अंकांची. प्रत्येक अंक पॉलिएस्टरच्या पिशवीत, मागे आम्लरहित पुठ्ठा. भाजीवाल्याकडची किंवा वास येणारी पीव्हीसी पिशवी नको. कपाट पावसाच्या झडीच्या बाहेरच्या भिंतीला टेकवू नका. जून ते सप्टेंबर मी अंकांना हातही लावत नाही. निफाडला पारा उतरल्याची बातमी आली की माझं कपाट उघडतं. हवा कोरडी, हात कोरडे. फक्त अशा हवेत कण्यावरून पान कडक होतं, तेव्हा अंक सपाट उघडायचा नाही, हाताच्या ओंजळीत धरून बघायचा.

किंमत. नेटवर कोणी काय मागतंय ते बघू नका, प्रत्यक्षात कितीला गेलं ते बघा. मागायला कोण काहीही मागतो. पन्नास-साठच्या दशकातला, मुखपृष्ठ आणि कणा शाबूत, खिडक्या पूर्ण असलेला अंक नेहमी विकला जातो. ऐंशीनंतरचे बहुतेक दिवाळी अंक वाचायला उत्तम, विकायला नाहीत. 'फिल्मइंडिया'सारखं सिनेमाचं मासिक निघालं, बाबूराव पटेलांचं, एस. एम. पंडितांच्या हातच्या मुखपृष्ठाचं, तर पहिल्या फोनवाल्याला देऊ नका. मुंबईचे व्यापारी तेवढ्यासाठी गाडी काढून येतात. आणि 'सगळ्या पेट्या मिळून एक आकडा सांगा' म्हणणाऱ्याला चहा पाजा आणि पाठवा. त्याला त्यातले दोनच अंक हवे असतात. कुठले ते तो बोलणार नाही.

पुढे जमवायचंच असेल तर एकच दोरा धरा. मी १९४५ ते १९७१, दलाल, दिवाळी अंक एवढंच धरून आहे आणि अजून पूर्ण झालेलं नाही. सगळं जमवायला गेलेल्यांची घरं मी पाहिलीत, त्यांची बायकामुलं बाल्कनीत जेवतात. नाशिकमध्ये चांगला माल दोन वेळा हलतो. वाडा बिल्डरकडे जातो तेव्हा, आणि दिवाळीच्या आधी साफसफाईच्या पंधरवड्यात. आपल्या भागातल्या रद्दीवाल्याला सांगून ठेवा, किलोच्या भावापेक्षा चार पैसे जास्त द्या आणि एखादवेळी नको असलेलंही घ्या, म्हणजे पुढच्या वेळी तो फोन करतो. गोदाघाटावरच्या बुधवारच्या बाजारात मला उभ्या आयुष्यात सहा अंक मिळाले असतील. तरी जातो, भाजीही होते. सार्वजनिक वाचनालय १८४० पासूनचं आहे. तिथे जुने बांधीव खंड बघायला मिळतात का ते विचारून या. मुखपृष्ठं त्यात नसतील कदाचित, पण आपल्या अंकाचा मजकूर पूर्ण आहे का हे ताडायला त्यासारखी सोय नाही.

तुमच्या फोटोतल्या चौथ्या अंकाबद्दल. त्याला मुखपृष्ठ नाही म्हणून तो रद्दीच्या ढिगात ठेवलेला दिसतोय. तो आधी उचला. वरचं जे पान दिसतंय त्यावर आण्यांतली किंमत आहे आणि खालच्या कोपऱ्यात ब्लॉक करणाऱ्याचं नाव आहेसं वाटतं. अनुक्रमणिका उघडून 'मुखपृष्ठ' या शब्दापुढे कोणाचं नाव आहे ते वाचा आणि कळवा. तेच मुखपृष्ठ सुटं माझ्याकडे असण्याची शक्यता आहे. कुणीतरी असंच कधीकाळी कापलेलं.